हुक्क्याचं पाणी आणि हकिमाची गोष्ट

हुक्का पार्लरवरच्या बंदीचा विषय निघाला की एक दाखला हमखास पुढे येतो. हुक्का अकबराच्या दरबारातल्या एका हकिमाने काढला आणि पाण्यातून धूर गाळून तो निर्धोक करणं हा त्याचा हेतू होता, असं सांगितलं जातं. पुस्तकांतून आणि पार्लरच्या जाहिरातींतूनही हे इतक्या वेळा आलंय की कुणाला त्याच्या सनावळ्या तपासाव्याशा वाटत नाहीत.

ज्या हकिमाला हे श्रेय मिळतं, तो १५८९ साली वारला. मुघल दरबारात तंबाखू आल्याचा जो तपशीलवार वृत्तांत उपलब्ध आहे, तो १६०४-०५ च्या सुमाराचा, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांचा. विजापूरला वकिलीवर गेलेला एक सरदार परत येताना तंबाखू घेऊन आला. पोर्तुगिजांच्या बंदरांमधून ती दख्खनेत आधीच पोचली होती, पण या सरदाराने असलं काही पूर्वी पाहिलं नव्हतं. बादशहाला नजर करायची म्हणून त्याने खास नळी तयार करवून घेतली. सुमात्रातल्या अचिनहून आणलेली तीन हात लांबीची दांडी, दोन्ही टोकांना रत्नं आणि मिनाकाम, तोंडात धरायला येमेनी अकीक, वर सोन्याची चिलीम. आपण काय काय जमवलं हे त्याने मोठ्या हौसेने लिहून ठेवलंय. या सगळ्या वर्णनात पाण्याचं भांडं कुठेच नाही. अकिकाचा आकारसुद्धा टिपणारा माणूस पाण्याचं भांडं विसरेल, हे मला पटत नाही. त्याने नेली ती साधी लांब नळी होती.

दरबारात एक हकीम हजर होता, पण तो वेगळा. त्याने बादशहाला नळी आणखी ओढण्यापासून अडवलं. आमच्या वैद्यकग्रंथांत या पाल्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, तर मग तो बादशहांना कसा चालेल, असं त्याचं म्हणणं. दोन्ही हकीम इराणच्या गिलान प्रांतातले. पुढच्या लोकांनी त्या दोघांची सरमिसळ केली आणि विरोध करणाऱ्यालाच संशोधक ठरवलं, असं मला वाटतं.

इराणी बाजूचा दावा वेगळा आहे. १५३५ साली वारलेल्या शिराझच्या एका कवीच्या नावावरच्या रुबाईत गलियान, म्हणजे पाण्याची नळी, येते. ती रुबाई खरोखर त्याची असेल, तर हकिमाची गोष्ट आणखीच डळमळते. गोष्ट टिकली ती पुराव्यावर नव्हे. वैद्याचं नाव जोडलं की वस्तूला औषधाची प्रतिष्ठा येते, म्हणून ती टिकली.

जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचा फार परिणाम झाला नाही, कारण त्याच शतकात दख्खनी आणि मुघल चित्रांत हुक्का दिसू लागतो आणि बीदरमध्ये त्याची भांडी घडू लागतात.

बिदरी कामाच्या उत्तम नमुन्यांत हुक्क्याची भांडी किती तरी आहेत. धातू मुख्यतः जस्ताचा, त्यात थोडं तांबं. ओतकामाचा साचा मातीत एरंडेल तेल आणि राळ कालवून करतात. ओतलेलं भांडं कानशीने घासायचं, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरतं काळं करायचं, म्हणजे त्यावर नक्षीची रेघ दिसते. ती रेघ छिन्नीने कोरून खाचेत चांदीची तार ठोकून बसवायची. सगळं परत घासलं की चांदी आणि जस्त जवळजवळ एकाच रंगाचे दिसतात, आणि इतक्या मेहनतीची नक्षी नाहीशी झाल्यासारखी वाटते. मग भांडं किंचित तापवून बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर यांचा लेप चोळायचा. जस्ताचा भाग काळाभोर होतो, चांदीला काही होत नाही.

जुनी भांडी गोल असत, आणि घागरीला चुंबळ लागते तसं त्यांना खाली कडं लागे. अठराव्या शतकात घंटेच्या आकाराची, सपाट बुडाची भांडी आली. लांब लवचीक नेच्यासाठी, म्हणजे धूर ओढायच्या नळीसाठी, तारेच्या वेटोळ्यावर भूर्जपत्र आणि कापड गुंडाळत. गरिबाची गुडगुडी नारळाच्या करवंटीची, लाकडी दांडीची, हातात धरून ओढायची. चिलमीत दोघांच्याही गुडाखूच, म्हणजे गूळ किंवा काकवीत मळलेली तंबाखू.

कंपनीच्या साहेबांनाही हुक्क्याचं वेड लागलं. कलकत्त्यातल्या १७७९ च्या एका मेजवानीच्या निमंत्रणात पाहुण्यांना सोबत नोकर आणू नयेत अशी विनंती आहे, हुक्का सांभाळणारा हुक्काबरदार तेवढा वगळून. पुढे एकोणिसाव्या शतकात चिरूट आणि मग विडी-सिगारेट आली आणि हुक्का मागे पडला.

तो शहरांत परतला पार्लरच्या रूपाने, फळांच्या वासाची तंबाखू घेऊन, आणि त्याच्याबरोबर हकिमाची गोष्टही परतली. पाण्याने धूर थंड होतो, म्हणून तो घशाला लागत नाही आणि माणूस जास्त खोल, जास्त वेळ ओढतो. कोळशातून येणारा कार्बन मोनॉक्साइड पाण्यात जवळजवळ अडतच नाही. तासाभराच्या एका बैठकीत सिगारेटच्या मानाने कितीतरी पट धूर छातीत जातो. गाळणीचा दावा इथेच संपतो.

डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत एका गच्चीवरच्या उपाहारगृहाला आग लागून चौदा जण गेले; ती हुक्क्याच्या निखाऱ्यांमुळे लागल्याचं चौकशीत म्हटलं गेलं. त्यानंतर २०१८ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी आणली. गुजरातने ती आधीच्या वर्षीच आणली होती, कर्नाटकाने २०२४ मध्ये. हरियाणाने २०२३ साली बंदी जाहीर करताना गावातला पारंपरिक हुक्का मात्र वगळला. चौपालावरचा, म्हणजे गावच्या चावडीवरचा हुक्का तिथे बिरादरीची खूण आहे, हे मान्य. पण आरोग्याचं कारण देऊन केलेल्या बंदीत ही सवलत बसत नाही, कारण कोळसा आणि तंबाखू दोन्हीकडे आहेतच. बीदरच्या कारागिरांना या बंद्यांची झळ फारशी बसली नाही. त्यांच्याकडची हुक्क्यांची मागणी त्याच्या कितीतरी आधी आटली होती, आणि ते केव्हाच फुलदाण्या, डब्या आणि दागिन्यांकडे वळले होते.