बॅटरी उतरली तर: जंपर केबलने गाडी सुरू करण्याची रीत

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ग्वाल्हेरमध्ये बॅटरी दगा देते ती बहुतेक वेळा डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यातल्या सकाळी. तिचं नुकसान मात्र मे-जूनमध्येच होऊन गेलेलं असतं. पारा ४५च्या आसपास असताना बॉनेटखाली बॅटरी त्याहूनही तापते, आतलं पाणी उडतं, प्लेटा गंजतात. उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, म्हणून हे कळत नाही. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्यामुळे सेल्फला (इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला) जास्त करंट लागतो. मग नेमकी घाईच्या वेळी गाडी टकटक करून थांबते.

आधी ऐका, मग केबल काढा

चावी फिरवल्यावर भराभर टकटक आवाज येतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे प्रखर राहून एकच मोठा ‘टक’ आला, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या सोलेनॉइडमध्ये (सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचमध्ये). सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर बॅटरीचा संबंध नाही; इंधन किंवा इग्निशन तपासावं लागेल. सगळे दिवे नीट लागूनही काहीच हालचाल नसेल, तर ऑटोमॅटिक गाडीचा लिव्हर पीवर आहे का आणि मॅन्युअल गाडीत क्लच पूर्ण दाबला आहे का, ते पाहा.

गाडी बंद ठेवून दोन्ही टर्मिनल हाताने हलवून बघा. पांढरी-हिरवट पूड जमली असेल किंवा क्लॅम्प फिरत असेल, तर नुसतं साफ करून घट्ट केल्यावरही गाडी सुरू होऊ शकते. मल्टिमीटर असेल तर रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मा, ११.८ म्हणजे रिकामी. चार्ज करूनही आकडा १०.५च्या आसपासच अडकला, तर बॅटरीतल्या सहापैकी एक सेल (कप्पा) गेलेला असतो. तिथे जंप करून एखाद वेळ गाडी सुरू होईलही, पण बॅटरी बदलावीच लागेल.

केबल कशी असावी

बाजारात मिळणाऱ्या स्वस्त केबलीत प्लास्टिक जाड आणि तार बारीक असते. पेट्रोल गाडीचा सेल्फ सुरुवातीला शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, डिझेलचा त्याहून बराच जास्त. बारीक तार तापते आणि पलीकडे करंट पोचतच नाही. छोट्या पेट्रोल गाडीला निदान १६ चौरस मिलिमीटर, डिझेलला २५ चौरस मिलिमीटर तांब्याची तार घ्या. लांबी तीन मीटर ठेवा. दौलतगंजसारख्या भागातल्या अरुंद गल्लीत दुसरी गाडी शेजारी लावता येत नाही, समोरासमोर लावावी लागते, आणि दोन्ही गाड्यांच्या बॅटऱ्या विरुद्ध बाजूंना निघाल्या तर दोन मीटरची केबल अपुरी पडते.

जोडण्याचा क्रम

दोन्ही गाड्या बंद, हँडब्रेक ओढलेले, दिवे-पंखा-म्युझिक बंद. गाड्या एकमेकींना टेकता कामा नयेत. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा. बिडी-सिगारेट जवळपास नको.

१. लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला.
२. लाल केबलचं दुसरं टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला.
३. काळा चिमटा चांगल्या बॅटरीच्या मायनसला.
४. काळ्याचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनवरच्या उघड्या, रंग नसलेल्या धातूला, बॅटरीपासून लांब.

चौथी पायरी लोक सर्रास टाळतात आणि चिमटा सरळ मायनसवर लावतात. शेवटचा चिमटा लागताना ठिणगी उडतेच. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेट घेऊ शकतो. बॅटरी फुटली तर ॲसिड तोंडावर येतं. म्हणून ठिणगी बॅटरीपासून दूर पडू द्यायची. शिवाय अनेक नव्या गाड्यांत मायनस टर्मिनलवर सेन्सर असतो. चिमटा थेट तिथे लावला तर त्याला चार्जचा हिशेब नीट लागत नाही.

आता चांगली गाडी सुरू करा आणि पाच ते दहा मिनिटं थोडा रेस देऊन चालू ठेवा. ही वाट पाहणंच सगळ्यात उपयोगी पडतं: तेवढ्यात उतरलेल्या बॅटरीत थोडा चार्ज जातो आणि सगळा भार केबलवर येत नाही. मग बंद गाडीला सेल्फ मारा, एका वेळी पाच-सात सेकंदच. नाही लागली तर अर्धा-एक मिनिट थांबा. सलग मारत राहिलात तर सेल्फ जळेल. दोन-तीन प्रयत्नांत काही झालं नाही तर चिमटे हलवून धातूला नीट धरतायत का पाहा.

गाडी सुरू झाली की हीटरचा पंखा आणि मागच्या काचेचा डिफॉगर लावा, म्हणजे केबल सुटताना व्होल्टेजचा झटका इलेक्ट्रॉनिक्सला बसत नाही. मग उलट क्रमाने सोडवा: आधी इंजिनवरचा काळा, मग चांगल्या गाडीचा काळा, त्यानंतर तिचा लाल, शेवटी आपला लाल. सुटलेले चिमटे एकमेकांना लागू देऊ नका.

जिथे हात लावू नये

लाल-काळ्याची अदलाबदल झाली तर मेन फ्यूज आणि अल्टरनेटरचे (चालू इंजिनवर बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचे) डायोड जातात, कधी ईसीयूही (इंजिनचा कॉम्प्युटर). टर्मिनलवरच्या खुणा पुसट असतील तर अंदाजाने जोडू नका. ट्रक-बसची व्यवस्था २४ व्होल्टची असते. तिथून केबल घेऊ नका. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीतून दुसऱ्या गाडीला करंट द्यायचा असेल तर आधी मॅन्युअल वाचा. अनेक कंपन्यांनी मनाई केलेली आहे. बॅटरी फुगलेली, तडकलेली असेल, किंवा सीएनजी गाडीत गॅसचा वास येत असेल, तर केबल डिकीतच राहू द्या आणि आम्हाला बोलवा.

घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी वापरू का, असं पुष्कळजण विचारतात. ती १२ व्होल्टची असली तर चालू शकते, पण इन्व्हर्टरपासून दोन्ही वायरी सोडवूनच. एवढं वजन उचलून ॲसिड सांडण्यापेक्षा शेजाऱ्यांची गाडी बरी. धक्का मारून सुरू करणं फक्त मॅन्युअल गिअरच्या गाडीत, तेही बॅटरीत थोडा जीव असेल तरच. ऑटोमॅटिक आणि एएमटीत (क्लच पेडल नसलेल्या, आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीत) ते जमत नाही.

सुरू झाल्यावर

दहा मिनिटं उभ्या-उभ्या चालवून बंद केलीत तर संध्याकाळी पुन्हा तेच. निदान पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालवा. पूर्ण रिकामी झालेली बॅटरी मात्र बाहेरच्या चार्जरवरच लावावी: ३५ एएचच्या (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरीला साधारण साडेतीन अँपिअरने दहा-बारा तास. अल्टरनेटरवर एवढा भार टाकणं त्याच्याही जिवावर येतं. इंजिन चालू असताना टर्मिनलवर १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसायला हवेत; १३च्या खाली असेल तर दोष चार्जिंगमध्ये आहे. तपासण्यासाठी चालू गाडीची बॅटरी सोडवून बघण्याची जुनी पद्धत कृपया करू नका, ईसीयू त्यात जातो.

आणि बॅटरी कशामुळे उतरली, ते शोधा. हेडलाइट राहिले तर ३५ एएचची बॅटरी चार तासांत संपते. डिकीचा पाच वॉटचा दिवा रोज दहा एएच खातो. डॅशकॅम किंवा जीपीएसने ५० मिलिअँपिअर जरी ओढले, तरी पंधरा दिवस उभ्या गाडीची निम्मी बॅटरी जाते. सुट्टीत गावाला जाणाऱ्यांची गाडी अशीच बसते. रोज फक्त जयेंद्रगंज ते महाराज बाडा एवढंच फिरणं असेल, तर एकदा सुरू करण्यात गेलेला चार्जही भरून येत नाही. अशांनी आठवड्यातून एकदा अर्धा तास लांब फेरी मारावी.

टर्मिनलवरची पूड कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून, दातांच्या जुन्या ब्रशने काढा, कोरडं करून पेट्रोलियम जेली लावा. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर मार्च ते जून दर महिन्याला पाणी बघा: प्लेटांच्या वर दहा-पंधरा मिलिमीटर, फक्त डिस्टिल्ड. आरओचं किंवा नळाचं नको, ॲसिड तर मुळीच नको. स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलवर इंजिन आपोआप बंद-चालू होणाऱ्या) गाडीला एजीएम किंवा ईएफबी (असं वारंवार बंद-चालू होणं सोसणारी) बॅटरी असेल तर बदलतानाही त्याच प्रकारची घ्या.

तीन वर्षं झालेली बॅटरी दसरा-दिवाळीच्या आसपास आमच्याकडे लोड टेस्टला (भार देऊन तपासायला) आणा. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६च्या खाली जात असेल तर ती हिवाळा काढणार नाही. जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. त्यातलं शिसं आणि ॲसिड नाल्यात जाता कामा नये. नवीन घेताना ती आमच्याकडे जमा करा, तिची किंमत बिलातून वजा होते.