पाळक, घर आणि पडदा : सोलापुरातल्या एका चिंतनाची पार्श्वभूमी

सोलापूरच्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा पाळक, म्हणजे धर्मगुरू, रविवारच्या उपदेशात घरातल्या मोबाइलबद्दल, लग्नाच्या वरातीतल्या डीजेबद्दल किंवा मुलांना तोंडपाठ असलेल्या चित्रपटगीतांबद्दल बोलू लागला, की काहींना ही परदेशी चर्चमधून आलेली नवी टूम वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. धर्मांतराचा पहिला आघात या समाजात घरावर झाला आणि नव्या श्रद्धेला सूर मिळाला तो लोकांच्या ओठांवर आधीपासून असलेल्या चालींतून. त्यामुळे श्रद्धेविषयी बोलताना संसार आणि करमणूक हे दोन्ही विषय टाळणे मराठी पाळकाला कधी जमलेच नाही.

चालींचा इतिहास तर अमेरिकन मिशनच्याही आधीचा आहे. जेझुइट पंथाच्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूने गोव्यात मराठीत रचलेले क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाने ख्रिस्तचरित्राला पुराणाचा घाट दिला. पुढे १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे उघडले, १८४२ मध्ये तेथून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघू लागले आणि १८६० च्या दशकात अमेरिकन मराठी मिशनचे काम सोलापुरात सुरू झाले. प्रारंभीच्या उपासनेत इंग्रजी गीतांची मराठी रूपे त्यांच्या मूळ परदेशी चालींवर म्हटली जात. परंतु भजन-कीर्तनावर वाढलेल्या कानांना ती परकीच वाटत असणार. त्याच दशकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. पूर्वरंग, उत्तररंग, टाळ, मृदंग हा सारा सरंजाम तोच, आख्यान मात्र पवित्र शास्त्रातले. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी त्यासाठी पदे रचली. जुने रूप घेतले तर जुनी श्रद्धाही मागल्या दाराने आत येईल काय, हा प्रश्न तेव्हापासून मंडळीच्या पाठीस लागला आहे, आणि आजच्या पाळकाची चित्रपटगीतांविषयीची अडचण ही माझ्या मते त्याच प्रश्नाची पुढची पिढी आहे.

या प्रश्नाचे सर्वांत धीट उत्तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले, आणि ते नुसते बोलून दाखवले नाही, तर अभंग आणि भजने लिहून मंडळीच्या तोंडी घातले. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक आजही उघडावे, तर एखाद्या पदाच्या माथ्यावर राग आणि ताल छापलेला दिसतो आणि थोड्याच पानांच्या अंतरावर विलायती चालीचे भाषांतरित गीत येते. रविवारी पेटी-तबल्यावर दोन्ही एकाच उपासनेत गायली जातात आणि त्यात कोणाला काही विसंगत वाटत नाही. आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, टिळक मिशनच्या चौकटीबाहेर पडले आणि त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ स्थापन केला. दोन वर्षांनी ते वारले. देशी रूपाचा आग्रह इतक्या टोकाला नेणारा पाळक त्यानंतर विरळाच.

घराचा इतिहास याहून कष्टाचा आहे. धर्म बदललेल्या माणसाचा वारसाहक्क बुडू नये म्हणून १८५० मध्ये कायदा करावा लागला. १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या पतीबरोबर किंवा पत्नीबरोबर नांदण्यास जोडीदाराने नकार दिला, तर विवाहबंधन तोडून घेण्याची वाट मोकळी केली. असे कायदे सरकारला करावे लागले, यावरूनच किती घरे दुभंगत होती याची कल्पना येते. टिळकांनी मात्र ही वाट धरली नाही. त्यांच्या बाप्तिस्म्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि त्यातला काही काळ त्यांनी नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरात, म्हणजे याच सोलापूर जिल्ह्यातल्या विठोबाच्या गावात काढला. पुढे त्या पतीकडे परतल्या त्याही आपला सोवळा आचार सोडून नव्हे. एका छपराखाली राहून पाणी आणि स्वयंपाक त्यांनी वेगळा ठेवला आणि मनाची पुरती खात्री पटल्यावर, १९०० मध्ये, स्वतः बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी हा काळ ज्या मिस्किलपणे सांगितला आहे, तो पाहता कौटुंबिक जीवनावरचे मराठी ख्रिस्ती चिंतन पाळकाच्या लेखणीपेक्षा पाळकाच्या पत्नीच्या लेखणीतून अधिक खरे उतरले असे म्हणावे लागते.

विवाहाच्या बाबतीत मात्र मंडळीतला उपदेश आणि देशातला कायदा दीर्घकाळ स्त्रीला सारखाच न्याय देत नव्हते. १८६९ च्या घटस्फोट कायद्यानुसार पतीला पत्नीचा व्यभिचार तेवढा सिद्ध केला की पुरे होते. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्याग यांसारखे आणखी कारण दाखवावे लागे. हा भेद मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ मध्ये अमान्य केला आणि २००१ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. सव्वाशेहून अधिक वर्षे चाललेल्या या अन्यायाविषयी व्यासपीठावरून जितके बोलले जायला हवे होते तितके बोलले गेले नाही. चित्रपटांतल्या अनीतीवर मात्र पुष्कळ बोलले गेले.

सोलापूरची परिस्थिती आणखी वेगळी. १८७० च्या दशकात येथे कापड गिरणी उभी राहिली, तेलंगणातून पद्मशाली विणकर येत राहिले, आणि मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू एकाच गल्लीत ऐकू येऊ लागल्या. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात हा भाग होरपळला. मिशनने शाळा चालवल्या, बालवाडीच्या शिक्षणात नाव कमावले. पण गुन्हेगार जमाती कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींसाठी शहरात तारेच्या कुंपणाची जी वसाहत उभी राहिली, तिची देखरेखही काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती. सेटलमेंट या नावाने तो भाग आजही ओळखला जातो. हजेरीवर आणि परवान्यावर जगणाऱ्या त्या कुटुंबांना संसाराचे धडे देणे ही सेवा होती की पहारा, याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. १९५२ मध्ये तो कायदा देशभर रद्द झाला.

शहराची स्वतःची लोकसंस्कृतीही पाळकाच्या दाराशीच आहे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो आणि होम मैदानावरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, पाळणे, खेळण्यांची दुकाने आणि खाऊच्या गाड्या लागतात. ख्रिस्ती घरातल्या मुलाला मिरवणूक आणि पाळणा यांतला फरक समजावून सांगायचा, की पाळण्याचे पैसे हातावर ठेवून गप्प बसायचे, हा दर जानेवारीतला प्रश्न आहे. बहुतेक आईबाप पैसे ठेवतात. तिकडे नाताळात त्याच घरांतून करंज्या, चकल्या आणि केक एकाच ताटात शेजाऱ्यांकडे जातात.

सिनेमाशी असलेले नाते सांगताना एक गोष्ट बहुधा विसरली जाते. दादासाहेब फाळक्यांना चित्रपट काढण्याची प्रेरणा मिळाली ती १९१० किंवा १९११ च्या सुमारास मुंबईत पाहिलेल्या ख्रिस्तचरित्रपटावरून. तो पाहताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला. पुढे १९३६ मध्ये प्रभातचा ‘संत तुकाराम’ आला आणि टिळकांच्या त्या पुलाची आठवण ज्या मंडळीत ताजी होती, तिला तो परका वाटण्याचे कारण नव्हते. चित्रपटगीतांविषयीचा संशयही केवळ चर्चचा नव्हता. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकरांच्या काळात, १९५० च्या दशकात, आकाशवाणीवर हिंदी चित्रपटगीतांना कात्री लागली होती, तेव्हा श्रोत्यांनी रेडिओ सिलोन लावला आणि सरकारला १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. ज्या पाळकांना बंदीने प्रश्न सुटतो असे वाटते, त्यांनी हा अनुभव जरूर ध्यानात घ्यावा.

१९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय चर्च स्थापन झाले आणि अमेरिकन मिशनच्या परंपरेतल्या मंडळ्या व अँग्लिकन परंपरेच्या मंडळ्या एका छत्राखाली आल्या. उपासनेची शिस्त ठरली, पण घराघरांत दूरदर्शन, मग केबल आणि आता फोन पोहोचत गेला. २०२० च्या टाळेबंदीत प्रार्थनामंदिरे बंद झाली तेव्हा उपासना त्याच फोनवर आली, ज्याच्यावर कालपर्यंत व्यासपीठावरून टीका होत होती. तेव्हापासून तरुण संघाला कीबोर्ड, ड्रम आणि हिंदी भक्तिगीते हवी आहेत, वडीलधाऱ्यांना पेटी आणि टिळकांची पदे. दोन्ही बाजू आपापली गोष्ट पारंपरिक म्हणून मांडतात, आणि कोणत्या रविवारी काय गायचे हे पाळकाला मंडळीच्या कमिटीपुढे बसून ठरवावे लागते.