मूळ प्रत कोणती? डीएनएतल्या चुका दुरुस्त होण्यामागचा इतिहास

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मराठी माध्यमाची मुलं दहावीनंतर पीयूसीला सायन्स घेतात, तेव्हा ‘प्रूफरीडिंग’ हा शब्द त्यांना इंग्रजी जीवशास्त्रात भेटतो. तो अवघड नाही. लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं की घरातलं कुणीतरी कच्च्या कागदाशी एकेक नाव ताडून बघतं, तेच हे काम. पेशीचा कच्चा कागद कोणता, हे कळायला मात्र फार वर्षं गेली.

1956 मध्ये आर्थर कोर्नबर्ग यांनी ई. कोलाय जिवाणूत डीएनएची नक्कल करणारं विकर (एन्झाइम) शोधलं, डीएनए पॉलिमरेज. 1959 चं नोबेल त्यासाठीच. डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांचे समोरासमोरचे दोन धागे; ‘ए’समोर ‘टी’ आणि ‘जी’समोर ‘सी’ बसतो. नक्कल होताना जुन्या धाग्यासमोर नवा धागा जोडला जातो. धागा जोडणारं हे विकर धागा कुरतडतंही, हे कोडंच होतं. 1972 मध्ये संशोधक ब्रुटलाग आणि कोर्नबर्ग यांनी ते सोडवलं: चुकीचं अक्षर बसलं की विकर ते तोडून टाकतं आणि मग पुढे जातं. त्यामुळे लाखात एक होणारी चूक साधारण कोटीत एकावर येते. माणसाच्या डीएनएची एक प्रत सुमारे 300 कोटी अक्षरांची, म्हणजे तरीही 300 चुका उरतात.

या उरलेल्या चुका नक्कल झाल्यावर दुरुस्त होतात, आणि खरी गंमत इथून पुढे आहे. ‘जी’समोर ‘टी’ बसला, तर चुकीचा कोण? दोन्ही अक्षरं अस्सलच. जुनं सोडून नवं खोडायचं, तर जुनं ओळखता यायला हवं. बेजोड अक्षरं दुरुस्त होत असावीत, असं आनुवंशशास्त्रज्ञ रॉबिन हॉलिडे यांनी 1964 मध्येच सुचवलं होतं. पुढे मेसेल्सन, राडमान आणि मॉड्रिच या शास्त्रज्ञांच्या कामातून उत्तर मिळालं. ई. कोलाय आपल्या डीएनएवर ‘जीएटीसी’ अशी अक्षरं ओळीनं येतात त्या जागी मिथाइल या छोट्या रासायनिक गटाची खूण करतो, पण नव्या धाग्यावर ती उमटायला थोडा वेळ लागतो. बिनखुणेचा धागा नवा, कात्री त्यालाच! 1989 मध्ये मॉड्रिच यांच्या प्रयोगशाळेने शुद्ध केलेली प्रथिनं एकत्र करून ही सगळी दुरुस्ती परीक्षानळीत घडवली. 2015 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये लिंडाल आणि संजार यांच्यासोबत त्यांचं नाव होतं.

माणसात ही मिथाइलची खूण नसते. नव्या धाग्यात राहिलेल्या फटींवरून तो ओळखला जातो.

1993 मध्ये या दुरुस्तीतलं एमएसएच2 हे जनुक बिघडलं की मोठ्या आतड्याचा कर्करोग घराण्यात उतरतो, हे दिसलं. त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. गर्भाशयाचा कर्करोगही त्यात येतो. आपल्याकडे आजोबा ‘पोटाच्या दुखण्यानं’ गेले, एवढंच सांगून विषय मिटवतात. घरात दोघातिघांना, त्यातही पन्नाशीच्या आत, असे कर्करोग झाले असतील, तर कुणाला, कितव्या वर्षी, हे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवावं.