सिग्नलला बंद पडणारी गाडी आणि साडेतीन मिलिमीटरचं भोक

गाडी सिग्नलला उभी राहिली की बंद पडते असं कोणी म्हटलं की आपल्याकडे सल्ला ठरलेला, आयडलिंग (पाय न लावता इंजिन फिरतं तो वेग) वाढवून घ्या, स्क्रू जरा टाईट केला की झालं. कार्बोरेटरच्या काळात हे बरोबरच होतं. पण १९९९ साली सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरात धुराबद्दलचे युरो निकष सक्तीचे केले, मग एमपीएफआय, म्हणजे ईसीएम मोजून पेट्रोल फवारतो अशा इंजेक्शनच्या गाड्या भराभर आल्या, कार्बोरेटर गेला आणि स्क्रू पिळायची सवय तेवढी मागे राहिली. इंजेक्शनच्या गाडीत थ्रॉटल बॉडीवरचा (इंजिनात हवा सोडणारी झडप असते त्या भागावरचा) तो स्क्रू कंपनीतूनच सेट होऊन येतो, त्यावर बऱ्याचदा रंगाचा ठिपकाही असतो, म्हणजे हात लावू नका. थ्रॉटलची पाती, म्हणजे ती झडप, बोअरमध्ये (तिच्या गोल नळीत) रुतून अडकू नये एवढंच त्याचं काम. आयडलिंग सांभाळतो तो शेजारचा छोटासा पार्ट, आयडल एअर कंट्रोल व्हॉल्व्ह, गॅरेजमध्ये नुसतं आयएसी म्हणतात.

(हे सगळं केबलच्या थ्रॉटलवाल्या पेट्रोल गाड्यांबद्दल चाललंय, म्हणजे जुनी अल्टो, वॅगनआर, सँट्रो वगैरे. डिझेलचा हिशोबच वेगळा, तिथे इंजिन किती फिरणार हे डिझेल किती सोडलं त्यावर ठरतं.)

एक्सिलरेटरवरून पाय काढला की थ्रॉटलची पाती जवळजवळ बंद होते, तरी इंजिन चालूच असतं, म्हणजे हवा कुठून तरी मिळतेच आहे. ती मिळते पातीला वळसा घालून जाणाऱ्या एका बारीक वाटेतून, आणि त्या वाटेच्या तोंडाशी एक निमुळतं टोक पुढेमागे होऊन भोक लहानमोठं करतं, त्यामागे ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने, फिरणारी स्टेपर मोटर आणि तिला हुकूम देणारा ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. एसी लावला, स्टिअरिंग पूर्ण फिरवलं, हेडलाईट लावले की इंजिनवर लोड येतो, ईसीएम टोक मागे घेतो, थोडी जास्त हवा, तेवढंच जास्त पेट्रोल, आणि आरपीएम, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्या, जागेवर.

आता यातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट, आकडेमोड शाळेतलीच आहे. एक लिटरचं इंजिन ८०० आरपीएमला चाललंय धरा. फोर स्ट्रोक, म्हणजे दोन फेऱ्यांत एकदा हवा ओढणार, मिनिटाला ४०० लिटर. पण पाती बंद असल्यामुळे मॅनिफोल्डमधला (पातीपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांमधला) दाब बाहेरच्या दाबाच्या साधारण एक तृतीयांश, बाहेर १०० किलोपास्कल असेल तर आत ३५च्या आसपास, त्यामुळे हवाही तेवढीच विरळ, वजनात सेकंदाला दोनेक ग्रॅम. आणि इथे गंमत आहे. भोकाच्या पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ५३ टक्क्यांखाली गेला की भोकातल्या सगळ्यात अरुंद जागी हवा आवाजाच्या वेगाने धावायला लागते. आपला ३५चा आकडा त्याच्या बराच खाली आहे, म्हणजे सिग्नलला शांतपणे उभ्या असलेल्या गाडीत आत्ता या क्षणी सेकंदाला तीनशेहून जास्त मीटरने हवा पळतेय! आणि यापुढे इंजिनाने कितीही जोर लावून ओढलं तरी हवा वाढत नाही. कारण "पलीकडे दाब कमी झालाय, अजून हवा पाठवा" हा निरोपसुद्धा आवाजाच्याच वेगाने उलटा जाणार, आणि समोरून हवाच त्या वेगाने येतेय, नदीच्या धारेइतक्याच वेगाने उलटं पोहणारा जसा जागच्या जागी हात मारत राहतो तसा तो निरोप भोकातच अडकतो.

याचा फायदा असा की हवा किती जाणार हे भोकाच्या क्षेत्रफळावर आणि बाहेरच्या हवेच्या दाबावर नि तापमानावर ठरतं, आत काय गोंधळ चाललाय याचा संबंध नाही, त्यामुळे ईसीएमचं काम एकदम सोपं होतं, इतक्या स्टेप म्हणजे इतकी हवा. महाबळेश्वरला, साधारण १३५० मीटरवर, बाहेरचा दाबच १४-१५ टक्के कमी, तेव्हा त्याच हवेसाठी भोक तेवढं मोठं करायचं, बस. आणि दोन ग्रॅमला लागणारं भोक काढलं तर येतं जेमतेम ९-१० चौरस मिलिमीटर, म्हणजे सगळ्या गळत्या धरून साडेतीन मिलिमीटर व्यासाचं एक गोल भोक. अख्खी गाडी एवढ्यावर श्वास घेते. आता कार्बनचा विचार करा. थ्रॉटलचा बोअर ४० मिलिमीटरचा असेल तर परीघ सव्वाशे, आणि पाती नि भिंत यांच्यात ०.०५ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या कागदाच्या जाडीची फट असली तरी ती झाली ६ चौरस मिलिमीटर. तिथे काळा चिकट थर बसला की निम्म्याहून जास्त हवा गेली, सगळा भार त्या बिचाऱ्या व्हॉल्व्हवर, आणि त्याच्या टोकावर तोच कार्बन बसलेला.

दुसरी भानगड म्हणजे बहुतेक स्टेपर व्हॉल्व्हना आपण कुठे आहोत हे सांगणारा सेन्सरच नसतो. ईसीएम टोकाला आधी एका बाजूला पार टेकवतो, त्याला शून्य मानतो आणि तिथून डोळे मिटून स्टेप मोजत जातो. टोक चिकटून दोनचार स्टेप चुकल्या तर ईसीएमच्या वहीत एक आणि प्रत्यक्षात दुसरंच. शिवाय व्हॉल्व्ह उघडला तरी हवा मॅनिफोल्ड भरून सिलिंडरपर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून झटपट दुरुस्तीसाठी ईसीएम स्पार्क थोडा मागेपुढे करतो, त्याचा परिणाम पुढच्याच ज्वलनात दिसतो. अशा उशिरा होणाऱ्या दुरुस्तीतून यंत्र वरखाली झुलत राहतं, वाफेच्या इंजिनांच्या गव्हर्नरलाही (वेग सांभाळणाऱ्या यंत्रणेलाही) हाच रोग होता, भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८६८ मध्ये त्याचं गणित मांडलं. गाडीत मात्र आरपीएम ८०० ते १६०० असा सारखा वरखाली होत असेल तर कारण बऱ्याचदा वेगळंच निघतं, कुठलातरी पाईप फाटून फुकटची हवा आत येतेय, आरपीएम चढतो, पाती तर बंद आहे, ईसीएमला वाटतं गाडी उतारावर आहे, तो पेट्रोल तोडतो, आरपीएम पडतो, मग पेट्रोल पुन्हा चालू, की पुन्हा चढला.

म्हणून आधी पार्ट मागवायचा नाही, आधी स्कॅनर, म्हणजे ईसीएमकडचे बिघाडाचे कोड आणि चालू आकडे वाचणारं यंत्र, लावायचा. पी०५०५, पी०५०६, पी०५०७ हे कोड आले म्हणून लगेच व्हॉल्व्ह गेला असं नाही, ५०६ म्हणजे आरपीएम हवा त्यापेक्षा कमी आणि ५०७ म्हणजे जास्त, एवढंच. खरी बातमी लाइव्ह डेटातल्या आयएसी स्टेपमध्ये असते. गरम इंजिन, एसी बंद, स्टेप शून्यावर आणि तरी आरपीएम जास्त, याचा अर्थ ईसीएमने आपल्या बाजूने भोक बंद केलंय आणि हवा दुसरीकडून येतेय, तेव्हा पीसीव्हीचा (इंजिनाच्या पोटातला वायू परत आत ओढणारा) पाईप, ब्रेक बूस्टरचा पाईप, गॅस्केट बघा. स्टेप खूप वर आणि आरपीएम तरी पडलेला, तर वाट तुंबलीय किंवा टोक अडकलंय, आधी थ्रॉटल बॉडी साफ करा. आणि एसी चालूबंद केल्यावर स्टेपचा आकडा हलतोय पण इंजिनला काडीचा फरक पडत नाही, तेव्हाच व्हॉल्व्हवर संशय घ्या. स्कॅनर नसेल तर बऱ्याच गाड्यांत चावी ऑनऑफ करताना व्हॉल्व्हवर बोट ठेवलं की बारीक घुरघुर लागते. चार पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये दोन कॉइल असतात, मल्टिमीटरने दोन्हींचा रेझिस्टन्स जवळपास सारखा यायला हवा आणि कॉइलपासून बॉडीला काहीच लागायला नको. नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

इथे स्क्रू पिळला की काय होतं तेही कळेल. पाती जरा उघडी राहते, थ्रॉटल सेन्सर सांगतो पाय पेडलवर आहे, आणि बऱ्याच गाड्यांत ईसीएम आयडलिंगचं काम सोडूनच देतो. पेट्रोलच्या पाईपला लावायचं लोहचुंबक विकणारे यावरही इलाज सांगतात, आणि बंपरला लिंबू-मिरची तर असतेच. पेट्रोल चुंबकाला दाद देत नाही, आणि नजर काढून तो ६ चौरस मिलिमीटर कार्बन निघत नाही.

बदलायचं काम सोपं, घाई मात्र नको. इंजिन थंड होऊ द्या, काही गाड्यांत त्या बॉडीतून कूलंटही फिरतं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलर काढा, मग दोनतीन स्क्रू. हे स्क्रू अॅल्युमिनियममध्ये जाम बसलेले असतात, बरोबर मापाचा पेचकस नीट दाबून धरा नाहीतर डोकं गोल होतं आणि पन्नास रुपयांच्या स्क्रूपायी थ्रॉटल बॉडी ड्रिलखाली जाते. जुनी ओ-रिंग (रबराची गोल सील) चिकटून तिथेच राहिलीय का ते बोटाने चाचपा, तिच्यावर नवी बसवली तर गळती नक्की. बसायची जागा क्लीनर आणि कापडाने पुसा, पण क्लीनर मोटरच्या आत मारू नका, ग्रीस धुऊन जातं. नव्या व्हॉल्व्हचं टोक हाताने ओढायचं किंवा दाबायचं नाही, आतले आटे जातात, आणि मॅन्युअलमध्ये टोक किती बाहेर असावं याचं माप दिलं असेल तर ते आधी तपासा.

मग एक्सिलरेटरला पाय न लावता स्टार्ट करा, रेडिएटरचा पंखा एकदा फिरेपर्यंत चालू ठेवा, एसी लावून बंद करा, ईसीएम नवं शून्य शिकतो, कुठे कुठे त्यासाठी स्कॅनरमधून रीसेटही द्यावा लागतो. शेवटी स्टेप परत बघा. नव्या व्हॉल्व्हवरही आकडा शून्यालाच चिकटलेला असेल तर जुना भंगारात टाकू नका, पाईप शोधायला लागा.