ऑटोक्रॉस मोटारीचा बदली एक्झॉस्ट व त्याचे ध्वनिशमन

ऑटोक्रॉस स्पर्धेत उतरणाऱ्या स्पोर्ट्स कारचा मूळ एक्झॉस्ट (इंजिनातला जळालेला वायू बाहेर नेणारी नळ्यांची व्यवस्था) काढून त्या जागी दुसऱ्या उत्पादकाचा हलका व कमी अडथळ्याचा एक्झॉस्ट बसवणे आणि त्याचा आवाज स्पर्धेच्या व सार्वजनिक रस्त्याच्या मर्यादेत आणणे, असे या कामाचे दोन भाग आहेत. प्रस्तुत नोंदीत अमेरिकेतील प्रथेचा आणि उदाहरणादाखल माझदा मियाटा (एमएक्स-५) या दोन आसनी मोटारीचा विचार केला आहे. ही मोटार १९८९ मध्ये शिकागो येथील प्रदर्शनात प्रथम सादर झाली. युरोपात व भारतात ऑटोक्रॉस या नावाने मातीवर होणाऱ्या शर्यतींचे स्वरूप वेगळे असून त्यांचा येथे समावेश नाही.

अमेरिकेतील ऑटोक्रॉस प्रशस्त डांबरी वा काँक्रीटच्या मैदानावर, शंकू मांडून आखलेल्या मार्गावर, वेळ मोजून होतो. १९४४ मध्ये स्थापन झालेला स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका हा क्लब ‘सोलो’ या नावाने अशा स्पर्धा भरवतो. राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा १९७३ पासून होत असून २००९ पासून ती नेब्रास्का राज्यातील लिंकन येथे भरते. ‘स्ट्रीट’ वर्गात कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भांड्याच्या) पुढचा, म्हणजे शेपटाकडचा, सारा भाग बदलण्याची मुभा आहे. या भागाला ‘कॅट-बॅक’ म्हणतात. हेडर, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या नळ्या, बदलण्याची सवलत ‘स्ट्रीट टूरिंग’सारख्या मोकळ्या वर्गांत मिळते. राष्ट्रीय पातळीवर आवाजाची कमाल मर्यादा ५० फुटांवरून १०० डेसिबल (ए) अशी असली, तरी ती क्वचितच कोणाला अडवते. खरी अडचण स्थानिक मैदानांची असते, कारण विमानतळ, महाविद्यालय किंवा क्रीडांगणाचा वाहनतळ भाड्याने देणारा मालक शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे बरीच खालची मर्यादा घालू शकतो. कॅलिफोर्नियातील लागुना सेका हा ऑटोक्रॉसचा नव्हे तर पूर्ण शर्यतीचा मार्ग, पण तेथील बहुतेक दिवसांची ९० किंवा ९२ डेसिबलची मर्यादा या क्षेत्रात मापदंडासारखी उद्धृत केली जाते.

सायलेन्सरच्या शोधाचे श्रेय कोणाला द्यावे, याबद्दल एकमत नाही. लोकप्रिय लेखनात हायरम पर्सी मॅक्झिम (१८६९–१९३६) यांचे नाव येते. त्यांचे बंदुकीच्या सायलेन्सरचे पेटंट १९०९ चे असून तत्पूर्वी ते हार्टफर्ड येथील पोप कंपनीत मोटारींवर काम करीत होते, त्यामुळे ही दोन्ही कामे एकत्र सांगितली जाणे स्वाभाविक आहे. मात्र इंडियाना राज्यातील कोलंबस येथील मिल्टन रीव्ह्ज व त्यांच्या बंधूंना इंजिनाच्या एक्झॉस्ट मफलरचे, म्हणजे सायलेन्सरचे, अमेरिकी पेटंट १८९७ मध्येच मिळाले होते. शिवाय स्थिर गॅस इंजिनांच्या धुराड्यावर आवाज कमी करण्यासाठी ओतीव लोखंडाची पोकळ भांडी लावण्याची पद्धत त्याहूनही जुनी असावी. कागदोपत्री पुराव्याचा विचार करता रीव्ह्ज बंधूंचा दावा अधिक सबळ ठरतो. तथापि त्यांनी नवीन तत्त्व शोधले, असे म्हणण्यापेक्षा प्रचलित युक्ती चालत्या गाडीला बसेल अशी केली, असे म्हणणे अधिक योग्य होईल.

ध्वनिशमनाच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत वायू भोके पाडलेल्या सरळ नळीतून जातो आणि नळीभोवती ठासलेले काचतंतू, बेसाल्टतंतू किंवा स्टीलची लोकर ध्वनीची ऊर्जा शोषून घेते. दुसरीत पडदे व कप्पे घालून ध्वनिलहरी उलट परावर्तित केल्या जातात. पहिली पद्धत उच्च वारंवारतेच्या कर्कश, फाटक्या आवाजावर गुणकारी ठरते आणि वायूला अडवत नाही. दुसरी खालच्या स्वरांवर चालते, पण वजन व अडथळा दोन्ही वाढवते. मूळ उत्पादकाचे सायलेन्सर बहुधा या दोहोंचा मेळ असतात, आणि म्हणूनच जड असतात.

निवड करताना गोंधळ होतो तो मापनाच्या स्वरूपामुळे. चार सिलिंडरांच्या चतुर्घाती इंजिनात दर फेऱ्यास दोन स्फोट होत असल्याने मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर मूळ वारंवारता १०० हर्ट्झ, तर ६,००० फेऱ्यांवर २०० हर्ट्झ येते. पहिल्या पिढीची पाच गिअरची मियाटा ताशी १०० किमी वेगाने धावताना इंजिन ३,००० च्या थोडे वर फिरत असते. स्पर्धेला घरून गाडी चालवत जाणाऱ्याच्या कानात तासन्‌तास जो घुमारा बसतो, तो याच पट्ट्यातला. परंतु आवाजमापकाची (मीटरची) ‘ए’ भारित श्रेणी मानवी कानाला अनुसरून १०० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे १९ डेसिबल व २०० हर्ट्झच्या ध्वनीतून सुमारे ११ डेसिबल वजा करते, तर १,००० हर्ट्झच्या ध्वनीला पूर्ण गुण देते. परिणामी मीटरवर आरामात उत्तीर्ण होणारी गाडी महामार्गावर असह्य होऊ शकते आणि आत बसणाऱ्याला सौम्य वाटणारी गाडी मैदानावर बाद होऊ शकते. मीटरसाठी शांत करणे आणि चालकासाठी शांत करणे ही दोन वेगळी कामे आहेत. विक्रेत्यांच्या जाहिरातींत ती सर्रास एक मानली जातात.

घुमाऱ्यावरचा प्रचलित उपाय म्हणजे पाव-तरंगलांबीची आडनळी. मुख्य नळीला एक शेवट बंद केलेली नळी जोडली की आत गेलेली लहर बंद टोकावरून परतून मुख्य लहरीच्या नेमकी विरुद्ध कलेत (फेजमध्ये) येते व ती वारंवारता कापली जाते. लांबी ध्वनिवेगाला वारंवारतेच्या चौपटीने भागून काढतात, पण कोणत्या तापमानाचा ध्वनिवेग धरावा, हा वादाचा विषय आहे. मुख्य नळीतील वायू ३०० अंश सेल्सिअस धरला तर ध्वनिवेग सेकंदाला सुमारे ४८० मीटर होतो व १०० हर्ट्झसाठी आडनळी १.२० मीटर येते. आडनळीतून प्रवाह जात नसल्याने आतला वायू बराच थंड असतो, असे दुसऱ्या पक्षाचे म्हणणे. तो १०० अंश धरला तर वेग ३८७ मीटर आणि लांबी ०.९७ मीटर भरते. दुसरा पक्ष वस्तुस्थितीच्या जवळचा वाटतो. कारागीर हा वाद सरकते झाकण लावून सोडवतात : टोकाशी क्लॅम्पने धरलेली टोपी पुढेमागे करत महामार्गावर फेऱ्या मारायच्या आणि घुमारा मावळला त्या खुणेवर वेल्ड करायचे. हर्मान फोन हेल्महोल्ट्झ (१८२१–१८९४) यांच्या नावाने ओळखला जाणारा अरुंद मानेचा कोठीवजा अनुनादक हेच काम कमी जागेत करतो, परंतु मियाटाच्या तळाशी नळ्यांसाठी असलेल्या बोगद्यात तो बसवणे जिकिरीचे असते.

मीटरवरचा आकडा उतरवण्यासाठी सरळ नळीचा लांब रेझोनेटर, म्हणजे जोड-सायलेन्सर, मध्यभागी घालणे हा पहिला मार्ग होय. शोषक सायलेन्सरात लांबीला सर्वाधिक महत्त्व असते. टोकाची दिशा जमिनीकडे किंवा मीटरच्या विरुद्ध बाजूस वळवल्याने फक्त तीक्ष्ण स्वर कमी पोहोचतात, कारण १०० हर्ट्झची तरंगलांबी हवेत सुमारे ३.४ मीटर असून तेवढ्या लहरीला ६ सेंटिमीटरच्या तोंडाची दिशा जुमानत नाही. टोकात बोल्टने बसवायची अरुंद खुंटी आणीबाणीला उपयोगी, पण ताकद खाते. मीटरसमोर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलणे हा मात्र उपाय नव्हे, सेकंदाचा दशांश गमावण्याची हमी आहे. आवाज एकाएकी वाढला तर सायलेन्सरला दोष देण्याआधी गॅस्केट व फ्लँजचे जोड पाहावेत. टोकातून काचतंतूंचे करडे केस बाहेर डोकावू लागले की भरण जळाले असे समजून ते बदलावे लागते.

नैसर्गिक श्वसनाच्या, म्हणजे टर्बो नसलेल्या, १.६ ते १.८ लिटर इंजिनाला २.२५ ते २.५ इंच व्यासाची नळी पुरते. ३ इंची नळी टर्बो गाडीची, जिच्यात टर्बाइनच बराच आवाज गिळतो. केवळ कॅट-बॅक बदलून मिळणारी अश्वशक्ती मियाटात अल्प असते. खरा लाभ वजनाचा, आणि तेही मागच्या आसाच्या मागे आडव्या टांगलेल्या सायलेन्सरचे असल्याने वळणावर जाणवणारे. ३०४ प्रतीचे स्टेनलेस गंजत नाही. ४०९ प्रतीत क्रोमियम सुमारे ११ टक्केच असल्याने त्यावर तांबूस थर येतो, पण ते स्वस्त पडते.

कॅलिफोर्नियात ६,००० पौंडांखालील मोटारीच्या बदली एक्झॉस्टला ९५ डेसिबल (ए) ही मर्यादा असून ती उभ्या गाडीच्या टोकापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात मोजतात. खुल्या जागेत हेच ५० फुटांवर सुमारे ३० डेसिबलने घटते, त्यामुळे रस्त्याचा आणि मैदानाचा आकडा शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० प्रत्येक वाहनास सायलेन्सर बंधनकारक करतो.