आरोग्यपच्चा आणि काणी आदिवासींचा हक्क

आरोग्यपच्चा ही केरळच्या दक्षिण टोकाला, अगस्त्य डोंगररांगेच्या जंगलात सावलीत वाढणारी छोटीशी वनस्पती. शास्त्रीय नाव ट्रायकोपस झेलॅनिकस. तिथले काणी आदिवासी थकवा घालवायला तिची फळं खातात, पिढ्यानपिढ्या खात आलेत. आदिवासींच्या वनौषधींच्या ज्ञानावर हक्क कुणाचा, हा विषय निघाला की जगभर हे उदाहरण दिलं जातं, पण बहुतेक वेळा अर्धंच सांगितलं जातं.

डिसेंबर १९८७ मध्ये डॉ. पी. पुष्पांगदन आणि त्यांचे सहकारी शास्त्रज्ञ या डोंगरात अभ्यासाला गेले होते, सोबत वाटाडे म्हणून काणी तरुण होते. चढण चढून शास्त्रज्ञ पार दमले पण हे तरुण ताजेतवाने, आणि मधेमधे कसली तरी फळं खातायत. ती शास्त्रज्ञांनीही खाऊन बघितली तर त्यांनाही तरतरी आली. झाड कुठलं ते मात्र काणी लगेच सांगेनात, कारण ही माहिती बाहेरच्याला द्यायची नाही असा त्यांचा रिवाज, मग बरीच मनधरणी केल्यावर त्यांनी झाड दाखवलं. पुढे तिरुवनंतपुरमजवळच्या पालोडच्या वनस्पती उद्यान संशोधन संस्थेत काम झालं आणि आरोग्यपच्चाची पानं, अश्वगंधा, पिंपळी आणि विष्णुक्रांता मिळून 'जीवनी' नावाचं औषध तयार झालं. १९९५ साली कोइम्बतूरच्या आर्य वैद्य फार्मसीला ७ वर्षांसाठी ते बनवायचं लायसन्स दिलं. १० लाख रुपये फी, वर विक्रीवर २ टक्के रॉयल्टी, आणि या दोन्हीतला अर्धा वाटा काणींना द्यायचा असं संस्थेने ठरवलं.

हे महत्त्वाचं आहे कारण तेव्हा असा वाटा द्या म्हणून सांगणारा कायदाच देशात नव्हता. जैवविविधता कायदा आला २००२ साली. म्हणजे संस्थेने हे आपणहून केलं आणि त्याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. पैसे घ्यायला १९९७ मध्ये काणींचा ट्रस्ट नोंदवला गेला आणि १९९९ मध्ये सुमारे ५ लाख १९ हजार रुपये ट्रस्टकडे आले.

आता राहिलेला अर्धा भाग. काणी म्हणजे एकच गाव नाही, वस्त्या वेगवेगळ्या पंचायतींत विखुरलेल्या आहेत, आणि माहिती दिली ती एका भागातल्या मोजक्या लोकांनी. विथुरा भागातल्या प्लाथींनी, म्हणजे काणींच्या वैदूंनी, १९९५ मध्येच मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून आमचं ज्ञान खाजगी कंपनीला विकू नका असं कळवलं होतं. परवानगी कुणाची घ्यायची, मोजक्यांनी सांगितलं म्हणजे सगळ्या जमातीने हो म्हटलं का, हे तेव्हा नीट विचारलंच गेलं नाही, माझ्या मते सगळ्यात मोठी चूक हीच. दुसरी अडचण पानांची. या झाडाचा गुण जंगलातल्या सावलीतच नीट उतरतो, म्हणून काणींनी लागवड करायची आणि पानं विकायची असं ठरलं होतं, पण वनखात्याने हे वनोपज, म्हणजे जंगलातून मिळणारा माल आहे म्हणून हरकत घेतली. ज्यांच्या माहितीवर औषध उभं राहिलं त्यांनाच पान तोडायची मुभा नाही!

याच्या मागे कायद्याची जी रचना आहे ती समजून घ्यायला हवी. औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्यात आयुर्वेद, सिद्ध, युनानी औषध म्हणजे काय ते ठरतं पहिल्या अनुसूचीतल्या ग्रंथांवरून. ग्रंथात औषधाचा पाठ, म्हणजे कृती असेल तर मान्यता. आदिवासी वैदूचं ज्ञान तोंडी, आजीकडून नातीकडे गेलेलं, त्याला त्या यादीत जागाच नाही. हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, आपल्या माशेलच्या डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने ती लढाई जिंकली याचा आपल्याला अभिमान आहेच, पण ती जिंकता आली कारण दाखवायला जुने लिखित पुरावे होते. काणींकडे दाखवायला काय होतं? आणि संरक्षणासाठी सगळं लिहून काढावं म्हटलं तर लिहिलेलं कुणीही वाचणार, ही भीतीही खरीच आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या आदिवासी हक्क जाहीरनाम्यात कलम २४ मध्ये पारंपरिक औषधं वापरण्याचा आणि औषधी वनस्पती जपण्याचा हक्क सरळ लिहिलाय, भारताने त्याच्या बाजूने मत दिलं. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा कायदा म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा, त्यात गौण वनोपजावर मालकी आणि पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क दोन्ही आहेत. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तो याच कायद्याखाली. जुन्नर-आंबेगावकडे हिरडा गोळा करणाऱ्या महादेव कोळ्यांसाठीही वनोपजावरचा हक्क हा रोजच्या पोटापाण्याचा विषय आहे.

जैवविविधता कायद्यात मात्र गोष्ट उलट्या दिशेने गेली. २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने रामदेवबाबांशी संबंधित दिव्य फार्मसीच्या केसमध्ये देशी कंपन्यांनीही स्थानिक लोकांना वाटा द्यायलाच हवा असा निकाल दिला, काणींसाठी जे मर्जीवर होतं ते आता कायद्याने बंधनकारक ठरलं असं वाटत होतं. पण २०२३ च्या दुरुस्तीने ग्रंथांत नोंदलेल्या पारंपरिक ज्ञानाला या वाट्यातून सूट दिली. आता जंगलातून काढलेली एखादी मुळी जुन्या ग्रंथातही सापडली की ती गोळा करणाऱ्या, ओळखणाऱ्या माणसाचा वाटा मागायचा कुणाकडे, असा प्रश्न गावोगावच्या जैवविविधता समित्यांपुढे आहे.