दुर्गम भागातील मोबाइल टॉवरचा वीजपुरवठा (कोल्हापूर जिल्हा)

मोबाइल टॉवरवरील बेस स्टेशनला, म्हणजे फोनशी रेडिओ लहरींनी संपर्क ठेवणाऱ्या यंत्रणेला, रात्रंदिवस वीज लागते. महावितरणची लाईन जिथे पोहोचलेली नाही किंवा वरचेवर बंद पडते, तिथे सौर पॅनेल, बॅटरी आणि डिझेल जनरेटर यांची सांगड घालून टॉवर चालवतात. कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न मुख्यतः शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगड या डोंगरी तालुक्यांचा आहे. तिथे वाड्या आणि धनगरवाडे विखुरलेले असून लाईन जंगलातून जाते. पावसाळ्यात एखादे झाड तारेवर पडले की वीज परत येईपर्यंत सगळी मदार बॅटरीवर असते.

टॉवरची यंत्रणा उणे ४८ व्होल्टच्या डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेवर चालते. गंज कमी चढावा म्हणून धन टोक जमिनीला जोडलेले असते. २ व्होल्टचे २४ सेल एका ओळीत जोडले की लेड-ॲसिड बॅटरीचा संच तयार होतो. पॅनेलची वीजही डीसीच असल्याने ती इन्व्हर्टरशिवाय, चार्ज कंट्रोलरमार्फत (बॅटरीचे चार्जिंग नियंत्रित करणारे उपकरण) थेट वापरता येते.

खरी अडचण हिशेबाची आहे. २ किलोवॉट भाराच्या टॉवरला दिवसाला ४८ युनिट लागतात. स्वच्छ उन्हात १ किलोवॉटचे पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देते, म्हणजे १२ किलोवॉटची पॅनेल हवीत. हा झाला एप्रिलचा हिशेब. गगनबावड्यात वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जुलैत दिवसचे दिवस सूर्य दिसत नाही. लाईन सर्वाधिक तुटते तीही याच महिन्यात. त्यामुळे वर्षाची सरासरी धरून केलेली आखणी इथे टिकत नाही. ती जुलै धरूनच करायला हवी.

म्हणून जनरेटर काढून टाकता येत नाही, मात्र तो चालवण्याची पद्धत बदलता येते. कमी भारावर तासन्‌तास चालणारा जनरेटर डिझेल वाया घालवतो. तोच थोडा वेळ चांगल्या भारावर चालवून बॅटरी भरून घेतली आणि बंद ठेवला, तर लिटरमागे जवळपास ३ युनिट मिळतात. त्यासाठी बॅटरी भराभर चार्ज होणारी लागते. लेड-ॲसिडपेक्षा लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी या कामाला सरस ठरते. खोलवर रिकामी होणेही तिला अधिक सोसते. घाटमाथ्यावर पावसाळ्यात वारा भरपूर असतो, त्यामुळे छोटी पवनचक्की सौर पॅनेलला पूरक वाटते. पण फिरत्या भागांची देखभाल अशा जागी अवघड जाते.

डोंगरमाथ्यावरच्या टॉवरकडे विशेष लक्ष द्यावे लागते. खालच्या अनेक टॉवरची मायक्रोवेव्ह जोडणी (तारेऐवजी रेडिओ लहरींनी नेटवर्कशी होणारी जोडणी) त्याच्यामार्फत होत असेल, तर तो बंद पडताच त्या सगळ्या गावांची रेंज जाते, मग त्यांच्याकडे लाईट असली तरी. बॅटरीचा सर्वांत मोठा संच तिथेच असायला हवा.

दूरसंचार विभागाने २०१२ मध्ये ग्रामीण भागातील ५० टक्के टॉवर २०१५ पर्यंत आणि ७५ टक्के २०२० पर्यंत हायब्रिड, म्हणजे सौरसारखी अपारंपरिक ऊर्जा आणि लाईनची वीज अशा मिश्र पुरवठ्यावर, करण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

एरवी सहज पोहोचता येणारी गावेही महापुरात दुर्गम होतात. २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेच्या पुराने पुणे-बंगळूर महामार्ग बंद झाला. अशा वेळी सुरक्षिततेसाठी पूरपट्ट्यातील वीज बंद करावी लागते आणि डिझेलचा टँकर टॉवरपर्यंत जाऊ शकत नाही. शिरोळसारख्या तालुक्यात म्हणूनच बॅटरी, रेक्टिफायर (लाईनच्या एसी विजेची डीसी करणारे उपकरण) आणि जनरेटर पूररेषेच्या वर, उंच चौथऱ्यावर बसवणे आणि पावसाळ्यापूर्वीच डिझेलचा साठा करून ठेवणे गरजेचे असते.